दिवाणखान्यातील करुण रस

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र नावाचे जे प्रकरण आहे, त्यात गृहस्थाने आपल्या घरी कोणती चित्रे ठेवावीत याविषयी एक स्वच्छ फर्मान आहे. शृंगार, हास्य आणि शांत या तीन रसांची चित्रे घरात असावीत. युद्ध, स्मशान, मृत्यू, दुःख आणि तत्सम प्रसंग राजसभेत व देवालयात खपतील, परंतु संसारी माणसाच्या भिंतीवर त्यांना मज्जाव आहे. त्याच ओघात पुराणकारांनी आणखी एक निर्बंध घातला आहे, आणि तो मला त्यांच्या प्रत्यक्षानुभवाचा अर्क वाटतो : स्वतःच्या घरातील चित्रकाम स्वतःच्या हाताने करू नये. ज्याला हे सुचले, त्या शास्त्रकाराने कुणा हौशी यजमानाच्या पंक्तीला बसून, समोरच्या भिंतीवरील यजमानकृत हंसाची स्तुती करीत दुसऱ्यांदा वाढलेला भात संपविलेला असला पाहिजे. एवढा दूरदर्शी ग्रंथ एका बाबतीत मात्र मुका आहे. घरात सोफा असेल तर काय करावे, हे त्यात कोठेही सांगितलेले नाही.

आणि हल्ली चित्राच्या निवडीत अखेरचा शब्द सोफ्याचाच असतो. चित्र आवडले, किंमत परवडली, चौकट शोभली, भिंतही मोकळी आहे. परंतु सोफ्याची हरकत निघाली की सौदा मोडतो, आणि या हरकतीवर कोठे अपीलही करता येत नाही, कारण निवाडा देणारा बहुधा त्याच सोफ्यावर बसलेला असतो. या मुकदम्याचे संपूर्ण कामकाज पाहण्याची संधी मला आमच्या शेजाऱ्यांच्या कृपेने लाभली. हे गृहस्थ महसूल खात्यातून तहसीलदार म्हणून निवृत्त झाले असून, त्यांना सर्व इमारत रावसाहेब म्हणते. बागेतल्या बाकावर कोण किती वेळ बसते याचीही नोंद मनातल्या मनात ठेवण्याची त्यांची सवय अद्याप सुटलेली नाही. त्यांच्या सूनबाईंनी घराचे नूतनीकरण काढले आणि गृहसजावटीचे शास्त्र शिकलेली एक तरतरीत मुलगी सल्ल्यासाठी आणली. तिने दिवाणखान्यात उभे राहून चहूकडे नजर फिरविली आणि पहिलाच प्रश्न असा टाकला, की रावसाहेबांच्या हातातील अडकित्ता जागच्या जागी थबकला.

"काका, हॉलचा मूड कसा हवाय तुम्हाला?"

"मूड कुणाचा? मालकाचा, की कुळाचा?"

"खोलीचा, काका. आत पाऊल टाकल्याबरोबर काय वाटलं पाहिजे?"

"खोलीचा मूड सात-बाराच्या कोणत्या रकान्यात धरतात?"

"इतर हक्कांत," मुलगी म्हणाली.

तिचे आजोबा तलाठी होते, हे मागाहून कळले. परंतु त्या एका उत्तराने तिला घराचे मुखत्यारपत्रच मिळाले, आणि पुढील सर्व प्रकरण तिच्या सहीने चालले.

तिने पिशवीतून रंगांचे एक शेडकार्ड काढून टेबलावर उलगडले. निळ्या रंगाने मन निवते, म्हणून शयनगृहात निळे चित्र. तांबड्याने भूक चाळवते, म्हणून जेवणघरात तांबडे. राखी रंग सौम्य, खानदानी आणि कोणाच्याही वाटेस न जाणारा, म्हणून दिवाणखान्याची भिंत राखी, सोफा राखी आणि त्यावरील चित्रही राखीच, फक्त एक छटा पुढे. हे सिद्धांत ती इतक्या निःशंक स्वरात सांगत होती, की मला भरतमुनींची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. कारण रंग आणि भाव यांची अशी बेधडक सोयरीक त्यांच्यानंतर तिनेच जुळविलेली मी पाहिली. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात मुनींनी प्रत्येक रसाला एकेक रंग आणि एकेक अधिदैवत नेमून दिले आहे. शृंगार श्याम, हास्य शुभ्र, रौद्र तांबडा, वीर गौर, अद्भुत पिवळा, भयानक काळा. येथपर्यंत कोणीही समंजस माणूस मान डोलावील. परंतु निळा रंग मुनींनी बीभत्सास दिला आहे, आणि त्याचे दैवत महाकाल. आणि कपोतवर्ण, म्हणजे पारव्याचा तो राखी रंग, करुण रसाकडे लावून त्यावर साक्षात यमाची नेमणूक केली आहे.

म्हणजे आजमितीस या पुणे शहरात ज्या ज्या सदनिकेत राखी भिंतीखाली राखी सोफ्यावर बसून लोक पाहुण्यांना पोहे देतात, तेथे तेथे मुनींच्या हिशेबाने अष्टौप्रहर करुण रस चालू असून यजमानपद यमाकडे आहे. आणि पाहुणे गेल्यावर मंडळी निजावयास जातात ती बीभत्सात. जेवणघरातील तांबड्या रौद्राविषयी मात्र माझी तक्रार नाही. ज्या घरात दुधाच्या पेल्यावरची साय न खाणारी दोन लहान मुले आहेत, तेथे तो रस रंगावाचूनही परिपूर्णच असतो. उरला हास्याचा शुभ्र रंग. बांधकाम करणारा ताबा देताना जो पांढरा हात मारून देतो तोच हा, आणि किल्ली हातात पडल्यावर ताबेदाराची जी मुद्रा होते ती पाहता, ही योजना मुनींच्या संमतीनेच झाली असावी. मी हे सर्व त्या मुलीला सविनय सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "भरतमुनींच्या वेळी एलईडी होते का, काका?" नव्हते, हे मला मान्य करावे लागले.

खरा पेच पुढे आला. दिवाणखान्यात आधीपासून दोन तसबिरी वहिवाटदार होत्या. एक रावसाहेबांच्या वडिलांची : पगडी, कोट, उपरणे आणि समोरच्या माणसाने नुकताच सारा बुडविला आहे अशी नजर. दुसरी त्यांच्या आजीच्या माहेराहून आलेली, रवि वर्मा छापखान्यातील कमळावर उभी असलेली लक्ष्मी. तिच्या पदराला आजीने स्वहस्ते खरी जर आणि टिकल्या चिकटविलेल्या होत्या. हा त्या काळचा सर्रास परिपाठ होता. रवि वर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यातून निघालेल्या देवदेवता घरोघर पोहोचल्या. त्याच्याही आधी, १८७८ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि मंडळींनी पुण्यात चित्रशाळा काढून रामपंचायतनापासून नाना फडणविसांपर्यंत सर्वांना भिंतीवर आणून बसविले होते. ही चित्रे विकत घेणाऱ्यांपैकी एकानेही दुकानदाराला आपल्या जाजमाचा तुकडा दाखवून, याला जुळेल असा मारुती आहे काय, असे विचारल्याचे ऐकिवात नाही. चित्र भक्तीने येई, अभिमानाने येई, औषधाच्या दुकानाच्या कॅलेंडराबरोबर फुकट येई, आणि जेथे खिळा मोकळा असेल तेथे स्थानापन्न होई. तेही छताच्या आढ्याशी, पुढे झुकलेल्या स्थितीत. कारण पाहणारी मंडळी खाली बैठकीवर असत, आणि काच झुकलेली असली म्हणजे खिडकीचे कवडसे डोळ्यांवर येत नसत. आता संग्रहालयांच्या रिवाजाप्रमाणे चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे ५७ इंचांवर यावा लागतो. त्या हिशेबाने रावसाहेबांच्या तीर्थरूपांना निदान चार फूट खाली उतरणे प्राप्त होते, आणि ते हयातीतही कोणासाठी खाली उतरले नव्हते.

"हे दोन्ही मूडमध्ये बसत नाहीत," मुलीने निकाल दिला. "पॅसेजमध्ये छान दिसतील."

"मामंजी पॅसेजमध्ये?" रावसाहेबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकूंनी, आतून विचारले. त्या आवाजात कोणताही रंग नव्हता, परंतु रस स्पष्ट होता.

शेवटी तहनामा झाला. वडील आणि लक्ष्मी यांनी पूर्वेकडील भिंत निरंतर उपभोगावी, सोफ्यावरील मुख्य भिंत नव्या चित्राकडे जावी, आणि नव्या चित्राची निवड मुलीच्या यादीतून परंतु काकूंच्या नजरेने व्हावी. या शेवटच्या कलमाचे महत्त्व मुलीच्या लक्षात आले नाही. महाराष्ट्रात रंगाची खरी पारख कलाशाळेत तयार होत नाही. ती लक्ष्मी रस्त्यावरच्या मॅचिंग सेंटरात तयार होते. तेथे टू बाय टू रुबियाचे ठाण आमसुली, डाळिंबी, चिंतामणी, अंजिरी, गुलबक्षी, शेवाळी अशा क्रमाने छतापर्यंत रचलेले असतात, आणि ज्या दोन छटांत तुम्हा-आम्हा पुरुषांना शपथेवरही भेद सांगता येणार नाही, त्यांपैकी एक 'अगदीच मारून टाकणारी' आणि दुसरी 'जरा बरी' असल्याचे तेथील विक्रेता आणि गिऱ्हाईक एकाच क्षणी ओळखतात. काकू या पीठाच्या चाळीस वर्षांच्या स्नातक. त्यांनी सोफ्याच्या कापडाचा नमुना कात्रीने वीतभर कापून घेतला, त्याकडे एकदा पाहिले आणि, "नवा असूनच पोतेऱ्यासारखा आहे," एवढा अभिप्राय देऊन तो बटव्यात टाकला.

चित्रांच्या त्या दुकानात मीही गेलो होतो. तेथे चित्रे चित्रकारांप्रमाणे किंवा विषयांप्रमाणे लावलेली नव्हती. ती रंगांच्या पेठांत वाटून टाकलेली होती. निळी पेठ, हिरवी पेठ, राखी पेठ, आणि प्रत्येकीवर भावदर्शक पाट्या : शांती, उमेद, ऊब, समृद्धी. समृद्धीच्या पाटीखाली सात घोडे धावत होते. उबेच्या पाटीखाली हातातील दिव्याच्या ज्योतीवर बोटांचा आडोसा धरलेली ती सुप्रसिद्ध तरुणी उभी होती, आणि विक्रेत्याने ती रवि वर्म्यांची म्हणून सांगितली. ती सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांची; जलरंगांत काढलेली, त्यांच्या कन्येला समोर उभी करून काढलेली, आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. परंतु ही दुरुस्ती त्या गृहस्थास रुचली नाही, कारण रवि वर्म्याचा भाव वेगळा लागतो. त्या तरुणीच्या हातातील दिवा नीट दिसावा म्हणून चौकटीच्या वर एक विजेचा दिवा बसविलेला होता, हेही नमूद करून ठेवतो. वारली चित्रे सर्वच पेठांत आढळली. ज्या रेषा लग्नघरी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने उमटत आणि ज्यांच्यावाचून लग्न लागत नसे, त्या आता केवळ 'दोनच रंग, कशावरही चालतात' या एका सद्गुणावर उशांच्या अभ्र्यांपर्यंत जाऊन पोहोचल्या आहेत.

राखी पेठेत अमूर्ताचे राज्य होते. नागपुरात १९२४ साली जन्मलेल्या वासुदेव गायतोंड्यांनी एकेका रंगाच्या तळाशी उतरण्यात हयात घालविली, वर्षाकाठी मोजकीच चित्रे काढली, बहुतेकांना नावसुद्धा दिले नाही, आणि आज त्यांपैकी एखादे लिलावात येते तेव्हा कोट्यवधी रुपयांची बोली होते. त्या दुकानात 'गायतोंडे पद्धतीचे' असे छापील चित्र फुटाच्या हिशेबाने मिळत होते, आणि मागे 'शांती' अशी चिठ्ठी होती. रावसाहेबांनी ते उलटसुलट करून पाहिले व चतुःसीमा कोणत्या बाजूने वाचावयाच्या, अशी पृच्छा केली.

काकूंनी नमुना चित्रावर ठेवला, भुवया चढविल्या आणि हुकूम सोडला, "उजेडात चला." ट्यूबलाइटखाली दिसतो तो रंग खरा नव्हे, हे तत्त्व भौतिकशास्त्रास पुष्कळ तपश्चर्येने सापडले असेल, लक्ष्मी रस्त्याच्या पायऱ्यांवर ते पिढ्यान्पिढ्या व्यवहारात आहे. दुकानाचे दोन नोकर चार फूट रुंद चित्र घेऊन पदपथावर आले, काकू नमुना धरून मागे-पुढे सरकल्या, एका दुचाकीस्वाराने गाडी थांबवून कोणीही न विचारता, "आजी, निळं घ्या हो, हे मळखाऊ आहे," असा सल्ला दिला, आणि तेवढ्यात काकूंच्या लक्षात आले की नमुना चित्राशेजारी ठेवला तर हिरवट दिसतो आणि दूर नेला तर दिसत नाही. त्यांनी विक्रेत्यास फसवणुकीबद्दल फैलावर घेतले. बिचाऱ्याचा दोष नव्हता. पॅरिसच्या गोब्लँ येथील सरकारी विणकामाच्या कारखान्यात हीच फिर्याद गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात आली होती. तेथील काळा रंग फिका उतरतो, अशी विणकरांची तक्रार. रंगखात्याचे प्रमुख शेव्रल यांनी इतर ठिकाणची काळी लोकर आणवून ताडून पाहिली, तो तीत आणि यांच्या लोकरीत काहीच अंतर नव्हते. काळ्याच्या शेजारी विणलेले निळे-जांभळे धागे त्याचे तेज हरण करीत होते. रंग एकटा कधी दिसतच नाही, तो शेजाऱ्यासकट दिसतो, हा सिद्धांत त्यांनी १८३९ मध्ये एका जाडजूड ग्रंथात मांडला, आणि पुढे १०२ वर्षांचे होऊन निवर्तले. एवढे दीर्घायुष्य त्यांना लाभले, याचे कारण मला असे वाटते की त्यांना सोफा निवडावा लागला नसावा.

चित्रासाठी खोली बदलावी की खोलीसाठी चित्र, हा वाद एकदा निकराने लढला गेला आहे, आणि त्याची हकिकत प्रत्येक गृहसजावटकाराने नेमणुकीच्या दिवशी वाचावी अशी आहे. लंडनमध्ये फ्रेडरिक लेलँड नावाच्या जहाजांच्या धनाढ्य मालकाने आपल्या भोजनगृहात व्हिसलर या चित्रकाराचे एका रमणीचे चित्र टांगले होते. भिंतींना जुने किमती चामडे मढविलेले होते आणि त्यावर तांबडी फुले होती. ही फुले आपल्या चित्राच्या रंगास मारक आहेत, असे व्हिसलरचे मत पडले. थोडीशी रंगसफेदी करू द्यावी, अशी त्याने मालकाकडे परवानगी मागितली आणि मालकाने ती भोळेपणाने दिली. १८७६ च्या त्या हंगामात लेलँड परगावी असताना या गृहस्थाने फुलांवरून सुरुवात करून भिंती, झडपा, छत असे करीत ते सर्व चामडे गर्द निळ्या-हिरव्या रंगात बुडवून टाकले, त्यावर सोन्याचे मोर काढले आणि मालकाच्या घरात मालकाच्या गैरहजेरीत पाहुणे व वार्ताहर बोलावून प्रदर्शनही भरविले. वर २००० गिनींचे बिल धाडले. लेलँडने निम्मी रक्कम दिली, आणि तीही गिनींऐवजी पौंडांत. गिनी सभ्य गृहस्थांना आणि पौंड कारागिरांना देण्याचा तेथील रिवाज असल्याने, प्रत्येक गिनीमागे कापलेला तो एक शिलिंग थेट चित्रकाराच्या वर्मी लागला. तेव्हा व्हिसलरने समोरच्या भिंतीवर दोन मोर झुंजताना रंगविले, एकाच्या पायाशी चांदीची नाणी विखुरली आणि त्या चित्राला 'कला आणि पैसा' असे नाव दिले. लेलँडचा मोठेपणा असा, की त्याने ती भिंत पुसली नाही. १८९२ मध्ये निधन होईपर्यंत तो त्या घरात, आपल्याच कंजूषपणाच्या चित्रासमोर बसून जेवला. ती खोली पुढे उचलून वॉशिंग्टनला नेण्यात आली आणि आजही तेथे आहे. चामड्यावरील फुले कशी होती, हे मात्र आता कोणी विचारीत नाही.

मला स्वतःला असे वाटते, की खोलीशी काडीमोड घेण्याची धमक ज्या चित्रात आहे तेच चित्र भिंतीवर टिकते. पूर्ण सहमती झाली की चित्र दिसेनासे होते. रावसाहेबांचे तेच झाले. 'शांती' घरी आली, सोफ्याला तंतोतंत जुळली, भिंतीला त्याहून अधिक जुळली, आणि आठवड्याच्या आत घरातील कोणालाही ती दिसेना. आलेले पाहुणे राखी भिंतीकडे न पाहता पूर्वेकडे वळत आणि लक्ष्मीच्या पदराची जर खरी आहे काय, आणि हे पगडीवाले कोण, असे विचारीत. वडिलांनी त्या दिवाणखान्यावर पुनश्च अंमल बसविला. सजावटीची मुलगी एकदा चौकशीस आली तेव्हा तिनेसुद्धा चहा घेता घेता दोनदा त्यांच्याकडे पाहून पदर सावरल्यासारखा ओढणीला हात लावला.

पुढे नातवाने सोफ्यावर आमरसाचे भांडे पालथे केले, हापूसचा डाग कोणत्याही शास्त्राने निघत नाही हे सिद्ध झाले, आणि काकूंनी त्या संधीचा विलंब न लावता फायदा घेऊन सोफ्याला मोरपंखी कापड घातले. 'शांती' त्याच दिवशी अपात्र ठरली. तिची प्रथम बदली शयनगृहात झाली, तेथे निळ्याशी तिचे पटेना. तेथून ती पॅसेजमध्ये रुजू झाली, जेथे ती काढून ठेवल्यावरही कोणाच्या ध्यानात आले नाही. आणि अखेरीस माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या मागे, तिला सक्तीची सेवानिवृत्ती मिळाली. गेल्या वर्षी रावसाहेबांच्या पुतण्याची वास्तुशांत निघाली, तेव्हा चौकट पुसून, पाठीमागची चिठ्ठी नीट डकवून, वर रंगीत कागद घालून ती मोठ्या थाटाने आहेर म्हणून गेली. चार दिवसांनी पुतण्याच्या नवपरिणीत पत्नीचा फोन आला. चित्र सर्वांना फार आवडले होते, खोलीला त्याने एकदम वळण दिले होते, भिंतही आता तशीच रंगवावयाची ठरली होती, फक्त एक अडचण उरली होती, आणि तिने मोठ्या अदबीने विचारले, "काकू, याला मॅच होणारा सोफा कुठं मिळेल हो?"